हृदयाची विचारपूस

रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी दहाची किंवा पंधराची येते, पण दिघ्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात ती क्वचितच अख्खी विकली जाते. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसे येतात, खिशातून घड्या पडून विरलेली डॉक्टरांची चिठ्ठी काढतात आणि "ताई, चार द्या", "शनिवारपर्यंतच्या द्या" असे सांगतात. शनिवारी आठवड्याचा हिशेब होतो आणि हातात पैसे येतात. मी कात्री लावते. बॅच क्रमांक आणि मुदत छापलेले टोक शेवटपर्यंत पट्टीला राहील अशा बेताने कापावे लागते, त्यामुळे माझ्या खणात अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या कायम पडलेल्या असतात. शनिवारी काही जण परत येतात, काही येत नाहीत. न येणाऱ्यांपैकी कोणी महिना-दीड महिन्याने डोके जड झाले म्हणून येतो, कोणी गावी गेलेला असतो, आणि एखाद्याची बातमी शेजाऱ्यांकडून कळते की पहाटे छातीत कळ आली, गॅस समजून तो सोडा प्यायला आणि उजाडल्यावर रिक्षात घालून नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

दिघा हे नवी मुंबईचे ठाण्याकडचे टोक. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानक सुरू झाले आणि ठाणे एका थांब्यावर आले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा काढणाऱ्या कॅथलॅब ठाण्यात आहेत, वाशी-नेरूळच्या बाजूलाही आहेत. रस्ता मोकळा असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचे काम. तरीही विष्णुनगर, ईश्वरनगर, यादवनगर, इलठणपाडा या डोंगरउतारावरच्या वस्त्यांमधली माणसे त्या दारापर्यंत पोचतात ती झटका येऊन गेल्यावर. या वस्त्यांत कोण राहते हे एकदा नीट सांगायला हवे. सोलापूर, यवतमाळ, विजयपूर, कलबुर्गीकडून बांधकामावर आलेली बंजारा कुटुंबे आहेत, ज्यांच्या घरात गोरबोली बोलली जाते आणि ज्यांची नोंद महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये होते. पूर्वांचलातून आलेले, भोजपुरी आणि अवधी बोलणारे कामगार आहेत. थोडे पुढे, रबाळ्याला, कातकरी पाडा आहे. आणि दिवा, गोठिवली, रबाळे या गावांतले आगरी-कोळी तर मूळचेच. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि शेते, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांचा पायाच पुढच्या काही वर्षांत हलला. चार भाषा, चार प्रकारची घरे, चार तऱ्हेचे देव. हृदयविकाराच्या बाबतीत मात्र सगळ्यांची गाठ एकाच अडचणीशी आहे: ज्या आजारात बरीच वर्षे काहीही दुखत नाही, त्याच्यासाठी रोज औषध घ्यायचे आणि त्याची आठवण करून द्यायला घरात किंवा दारात कोणी नाही.

भारतीय उपखंडातल्या माणसांना हृदयविकार लवकर गाठतो, हे आता वादाचे राहिलेले नाही. ५२ देशांमधल्या रुग्णांवर झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, बाकीच्या देशांतल्या लोकांना जवळपास ५९ व्या वर्षी. याच अभ्यासाने दाखवले की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव अशी नऊच कारणे बहुतेक सगळ्या झटक्यांच्या मुळाशी असतात आणि ती जगभर सारखीच आहेत. लंडन-लेस्टरमध्ये किंवा शिकागोत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांमध्येही हा धोका तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळतो, त्यामुळे 'आपल्या रक्तातच आहे' असे म्हणून विषय संपवण्याची सवय सुशिक्षित घरांतही दिसते. मला ते पटत नाही. शरीराची ठेवण काही अंशी कारण असेलही, पण रक्तदाब मोजून गोळी सुरू केली आणि ती चालू ठेवली तर धोका कमी होतो, हे सगळ्यांच्या शरीराला लागू आहे. ती चालू का राहत नाही, याचे उत्तर रक्तात सापडणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे माझ्या दुकानासमोरून जाणाऱ्या दर तीन मोठ्या माणसांमागे एकाहून जास्त. त्यांच्यापैकी किती जण माझ्या दुकानाची पायरी चढतात, हे मला दिसतेच आहे.

या विषयावर गेली काही वर्षे मी जे वाचत आले, त्यात एका अभ्यासाने माझ्या मनात घर केले. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये वाढलेल्या रक्तदाबाचे प्रमाण आणि त्यामुळे होणारे मृत्यू फार जास्त आहेत, आणि हे पुरुष दवाखान्यात सहसा जात नाहीत. तिथल्या वैद्यकीय व्यवस्थेवर त्यांचा विश्वास नसण्याला इतिहासातली सबळ कारणे आहेत. पण केस कापायला ते नेमाने जातात, वर्षानुवर्षे एकाच न्हाव्याकडे. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी हा धागा पकडला. आधी डलासमध्ये त्यांनी न्हाव्यांना रक्तदाब मोजायला शिकवले आणि वाढलेला दिसला तर गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे जायला सांगायची व्यवस्था केली. २०११ मध्ये त्या प्रयत्नाचे निष्कर्ष आले. फायदा झाला होता, पण बेताचा. मग लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. ५२ केशकर्तनालये, वाढलेल्या रक्तदाबाचे ३१९ पुरुष. निम्म्या दुकानांत न्हाव्यांनी खाणेपिणे सुधारा, डॉक्टरांना भेटा असे सांगायचे. उरलेल्या दुकानांत खास प्रशिक्षण घेतलेला औषधनिर्माता स्वतः येणार, त्याच खुर्चीजवळ रक्तदाब मोजणार, आणि डॉक्टरांशी झालेल्या लेखी करारानुसार तिथल्या तिथे औषध सुरू करणार, पुढच्या खेपेला ते वाढवणार किंवा बदलणार. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पहिल्या प्रकारच्या दुकानांत वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला होता, दुसऱ्या प्रकारच्या दुकानांत २७ अंकांनी. १३०/८० च्या खाली आलेले पुरुष एकीकडे १२ टक्क्यांच्या आसपास, दुसरीकडे ६४ टक्क्यांच्या आसपास.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या आहेत आणि आपल्याकडे त्यांतली एकच उचलली जाते. ओळखीचा, आपल्यातला, आपल्या बोलीत बोलणारा माणूस लागतो, ही पहिली गोष्ट. ती खरीच आहे. न्हाव्याने नुसते सांगितल्यानेसुद्धा ९ अंकांचा फरक पडलेला दिसतो. पण उरलेला मोठा फरक पडला तो त्या ओळखीच्या जागी औषध पोचले म्हणून, आणि ते लिहून देण्याचा अधिकार असलेला माणूस त्या खुर्चीपर्यंत चालत आला म्हणून. आपल्याकडे 'लोकसहभाग' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पत्रके, व्याख्याने, पथनाट्ये येतात. गोळ्यांचा साठा, डॉक्टरांची वेळ आणि पैशांची तरतूद डोळ्यांपुढे येत नाही. गरिबांना माहिती दिली की झाले, पुढची जबाबदारी त्यांची, असा या समजुतीचा सोयीस्कर अर्थ निघतो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे.

शिकागो परिसरात दक्षिण आशियाई स्थलांतरितांसाठी 'सहेली' नावाचा एक कार्यक्रम झाला, त्यानेही हेच सुचवले असे मला वाटते. तिथल्या अभ्यासकांनी हे काम अतिशय मनापासून केले होते. वस्तीतल्या ओळखीच्या ठिकाणी गटाने वर्ग, आपल्याच पदार्थांच्या पाककृती, आपल्या भाषा, व्यायामाची गोडी लावणारी सत्रे, असे सगळे त्यात होते. तरी वर्षभराने मोजले तेव्हा वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत, नुसती छापील माहिती मिळालेल्या लोकांच्या तुलनेत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ज्यांनी तो निष्कर्ष न झाकता प्रसिद्ध केला त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. वर्गांमुळे माणसांचा हुरूप वाढतो, एकटेपणा कमी होतो, आणि त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. पण वाढलेला रक्तदाब उतरवायला ते पुरत नाहीत.

याउलट आपल्या अगदी शेजारचा प्रयोग बघावा. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये, २,६४५ लोकांसोबत, सरकारी आरोग्य सेविकांनी दर तीन महिन्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजला, घरच्यांशी बोलल्या, वाढलेला असेल त्याला प्रशिक्षित डॉक्टरांकडे पाठवले आणि तो गेला की नाही याचा पाठपुरावा केला. डॉ. तझीन जाफर यांच्या नेतृत्वाखालचे हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी, नेहमीची सेवा मिळणाऱ्या वस्त्यांच्या तुलनेत, वरचा रक्तदाब सुमारे ५ अंकांनी अधिक उतरला होता. पाच अंक म्हणजे काही फार नाही असे वाटेल, पण रक्तदाब पाच अंकांनी उतरला तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण दहा टक्क्यांनी कमी होतात असे मोठ्या प्रमाणावरच्या विश्लेषणातून दिसलेले आहे. एका वस्तीच्या हिशेबाने पाहिले तर ती काही घरांतली कर्ती माणसे आहेत.

महाराष्ट्राला तर यातले काहीच परके वाटू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडच्या परिसरात गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि कित्येक दलित स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले, आणि त्या कामाची दखल १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराने घेतली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्था उभारली, तेव्हा आदिवासींना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते हे त्यांच्याच तोंडून ऐकून घेतले आणि दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा, माँ दंतेश्वरीच्या नावाने बांधला. लोकांना विचारून दवाखाना बांधणे ही कल्पना या मातीत पन्नास वर्षे मुरलेली आहे. ती शहराच्या महापालिकेपर्यंत यायला वेळ लागतो आहे, एवढेच.

आता आमच्याकडचे सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक मोठे आरोग्य शिबिर भरले होते. मांडव, फलक, खुर्च्या, सगळी तयारी होती. रक्तदाब मोजणारी तरुण मुले भराभर रांग पुढे सरकवत होती. रक्तदाब मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत, हात हृदयाच्या उंचीला आधारावर असावा, दोनदा मोजावे, हे सगळे नियम त्या गर्दीत कोण पाळणार? रांगेत एक वयस्क बंजारा बाई होत्या. त्यांच्या दंडावर, कोपराच्या वर, जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या बांगड्यांचा चुडा होता. यंत्राचा पट्टा त्यावर बसेना. मुलाने, त्याच्या मनात काही वाईट नव्हते, सरळ सांगितले, "आजी, त्या काढा आणि या." नवरा हयात असलेल्या बाईला चारचौघांत, परक्या पुरुषाने, दंडावरचा चुडा उतरवायला सांगणे म्हणजे काय, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता. बाई काही बोलल्या नाहीत. पदर ओढून घेतला आणि रांगेतून निघून गेल्या. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या त्यांच्या दोन्ही सुनाही गेल्या.

आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या सरकारी योजनेतल्या आरोग्य स्वयंसेविका, त्याच समाजातल्या आहेत. त्या नंतर त्यांच्या घरी गेल्या, "याडी" (आई) म्हणून जवळ बसल्या, आधी नातवंडांची चौकशी केली, गावाकडच्या पावसाचे विचारले आणि मग मनगटावर बसणारे यंत्र काढले. ते यंत्र हृदयाच्या उंचीला नीट धरले तरच आकडा खरा येतो, म्हणून त्यांनी बाईंचा हात उशीवर टेकवला, पाच मिनिटे कोणाला बोलू दिले नाही आणि दोनदा मोजले. वरचा आकडा १८० च्या पुढे होता. दुसऱ्या दिवशी नागरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेल्या, आकडा कसा घेतला तेही सांगितले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दोन्ही सुनांचेही त्या आठवड्यात मोजून झाले; धाकटीचा रक्तदाब ऐन तिशीत वाढलेला निघाला, आणि तिला सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायची सवय होती. मशेरी ही तंबाखूच, तीही धोका वाढवते, हे तिला कोणी आजवर सांगितलेच नव्हते, कारण तंबाखू म्हटले की सगळे पुरुषांच्या विडीकडे आणि गुटख्याकडे बघतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मशेरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते, ती कोणत्या बंदीत बसायची?

आशाताईंना सरकारने दिलेला एक तपासणी फॉर्म असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कोणाला रक्तदाब-मधुमेह-हृदयविकार आहे का, असे प्रश्न, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, हाही एक. इलठणपाड्याच्या चढावर रोज पाण्याचे हंडे नेणारी, दिवसभर विटा वाहणारी बाई या प्रश्नावर हसते. फॉर्म वाईट नाही, त्याच्यामुळे निदान प्रत्येक दार एकदा वाजते. पण हालचाल भरपूर आणि झोप चार तास, पोट रिकामे, डोक्यावर मुकादमाची उचल, नवऱ्याची मारझोड, पाऊस पडला की छप्पर गळते, या सगळ्याला त्या कागदावर रकाना नाही. ज्या बाईने प्रश्न विचारला तिलाच हे सगळे माहीत असते, कारण तिचे घरही त्याच चाळीत आहे. तिचे हे माहीत असणे, माझ्या मते, या साऱ्या कामातला सर्वांत मौल्यवान भाग आहे, आणि त्याची किंमत आपण सर्वांत कमी लावतो. २००५ मध्ये आशा योजना सुरू झाली तेव्हापासून त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले जाते आणि कामागणिक मोबदला दिला जातो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात राज्यभरातल्या आशाताई संपावर गेल्या तेव्हा त्यांची मागणी जगण्यापुरत्या, वेळेवर मिळणाऱ्या पैशांची होती. एका हाताने लोकसहभागाचे गोडवे गायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच बाईचा मोबदला थकवायचा, हे फार दिवस चालणार नाही, चालूही नये.

मिठाची गोष्ट मात्र मला फार आशा देऊन गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हे वाक्य वस्तीत कोणाच्या उपयोगाचे? ग्रॅम कोण मोजणार? बायकांच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगत होते, तेव्हा एका कोळीणबाईंनी विचारले, "म्हणजे माझ्या घराला पुडा किती दिवस पुरला पाहिजे?" आम्ही तिथेच हिशेब मांडला. घरात पाच माणसे, प्रत्येकी ५ ग्रॅम, तीस दिवस, म्हणजे ७५० ग्रॅम. एक किलोचा पुडा पाच जणांच्या घरात चाळीस दिवस पुरायला हवा. बऱ्याच घरांत तो पंचवीस दिवसांत संपत होता. शिवाय खारवलेले मासे, लोणचे, पापड, फरसाण, वडापाव यांतले मीठ वेगळेच. त्या बाईंनी घरी जाऊन पुडा फोडल्याची तारीख त्याच पुड्यावर पेनने लिहिली. पुढच्या महिन्यात गटातल्या बहुतेक जणी रिकामे पुडे घेऊन आल्या. खारा बांगडा रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी टाकून द्यायचे, जेवणात ताटात वेगळे मीठ वाढायचे नाही, ठेच्यात मीठ निम्मे करून लिंबू पिळायचे, हे सगळे त्यांनीच एकमेकींना सुचवले. मी फक्त हिशेब केला होता. चीनमधल्या ६०० गावांपैकी निम्म्या गावांत, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा रक्तदाब वाढलेल्या वयस्क लोकांच्या घरी पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमचे मीठ दिले तेव्हा त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले, असे २०२१ च्या अभ्यासात दिसले आहे. ते मीठ मी दुकानात ठेवते, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही, आणि त्याची किंमतही वस्तीला परवडत नाही. ते रेशनवर आले तर वेगळी गोष्ट होईल.

औषधांच्या बाबतीतही दिशा माहीत नाही असे नाही. भारत सरकारने २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रासह पाच राज्यांतून रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्याची सूत्रे अगदी साधी आहेत: मोजकी, ठरलेली औषधे, ती केंद्रात कायम उपलब्ध, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि सेविकांकडेही काम, आणि कोण आला, कोण आला नाही याची नोंद. तीस दिवसांच्या गोळ्या हातात पडल्या तर माझ्या दुकानातली कात्री बंद होईल आणि मला त्याचा आनंदच होईल. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची एक गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त आहे. गरीब माणूस चुकतो तो गोळीच्या किमतीपेक्षा केंद्रात जाण्याच्या किमतीला. रांगेत अर्धा दिवस गेला की रोज बुडाला, आणि सात दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या तर महिन्यात चार रोज बुडाले. असा हिशेब घालून कोणी गोळी बंद केली, तर त्याला बेफिकीर म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

आणखी एक अडचण फक्त अशाच कुटुंबांची आहे. होळीला, लग्नसराईत बंजारा कुटुंबे तांड्यावर जातात, ऊसतोडीच्या हंगामात फडावर जातात, दोन-दोन महिने परतत नाहीत. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात. इथला कागद इथेच राहतो, तिथला डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो, मधल्या काळात गोळी सुटते. आशाताईंनी यावर स्वतःच एक युक्ती काढली: गावी निघणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये चिठ्ठीचा आणि गोळीच्या पट्टीचा फोटो काढून ठेवायचा आणि केंद्रातून दोन महिन्यांचा साठा मागून घ्यायचा. कधी मिळतो, कधी 'नियमात नाही' असे उत्तर येते. माणूस हलता असेल तर नियम हलता का असू नये, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

आमच्याकडे अजून पुरुष हाताला लागलेले नाहीत. बचत गटात ते येत नाहीत, आशाताई दुपारी घरी जातात तेव्हा ते कामावर असतात, केंद्र दुपारनंतर मिटते आणि नाक्यावरून कामाला गेलेला माणूस सातला परततो. व्हिक्टरांचा अभ्यास वाचल्यापासून माझ्या दुकानाशेजारचे सलून माझ्या डोक्यात आहे. ते चालवणारे भाऊ उत्तर प्रदेशातले, वीस वर्षे इथे आहेत, वस्तीतल्या निम्म्या पुरुषांची दाढी त्यांच्या हातची. त्यांना मी सगळे समजावून सांगितले तेव्हा ते लगेच तयार झाले आणि रविवारी सकाळी भिंतीजवळची एक खुर्ची मोकळी ठेवतो म्हणाले. यंत्र माझ्याकडे आहे, नोंदवही आशाताईंनी आखून ठेवली आहे. आपल्याकडे औषधविक्रेत्याला स्वतःच्या अधिकारात औषध सुरू करता येत नाही आणि तसा अधिकार मी मागतही नाही. त्यामुळे रविवारी दोन तास एक डॉक्टर आणि त्याच्याबरोबर महिनाभराच्या गोळ्या मिळाव्यात, एवढा अर्ज आम्ही वस्तीतल्या बायकांच्या सह्यांनिशी दिला आहे. भाऊंचे म्हणणे आहे की मोजायला तर सुरुवात करू, डॉक्टर येतील तेव्हा येतील. आशाताईंनी आणि मी त्यांना थांबवले आहे. ज्याला आकडा सांगायचा त्याला त्याच सकाळी गोळी देता आली पाहिजे. नुसता आकडा घेऊन घरी गेलेली माणसे त्या शिबिरातून आम्ही पुरेशी पाहिली आहेत. ज्यांचा रक्तदाब वाढलेला असल्याचा आम्हांला आधीच संशय आहे, अशा काही जणांना मात्र आशाताई रविवारची वाट न पाहता एकेक करून संध्याकाळी घरी गाठत आहेत, आणि अर्जाचे काय झाले हे विचारायला आम्ही दर सोमवारी वॉर्ड कार्यालयात जात आहोत.